कोकणातून परतलेली कॅम्परव्हॅन: धुणं, सांधे आणि गंज

प्रश्न: पत्र्याच्या व्हॅनवर फायबरचा उंच टप बसवून आम्ही कॅम्परव्हॅन करून घेतली आहे. टपावर दोन सोलर पॅनल आणि हवेचा पंखा, बाजूला ऑनिंग (बाहेर ओढून उघडायचं कापडी छत), खिडक्या ॲक्रिलिकच्या. महिन्या-दोन महिन्यांनी गुहागर, दिवेआगर किंवा तारकर्लीला जातो. पुण्यात गाडी सोसायटीत उघड्यावर असते आणि तिथे पाइप लावायला मनाई आहे. बाजूंवर काळे ओघळ येतात, ते शाम्पूने जात नाहीत. टपाला हात लावला की पांढरी भुकटी लागते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुतली तर चालेल का? सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा कडक पारदर्शक थर) करून घ्यावं का? कव्हर घालावं का?

उत्तर: मी कोल्हापुरात बॉडीचं काम करतो. आधी बस आणि टेम्पोच्या बॉड्या, आता त्यांच्यासोबत कॅम्परव्हॅनही. घाट उतरून कोकणात जाऊन आलेल्या गाड्या आमच्याकडे कायम असतात. म्हणून तुमचं उत्तर मी शाम्पूपासून नाही, सांध्यांपासून सुरू करतो.

कंपनीतून निघालेल्या व्हॅनचा टप अखंड असतो. कॅम्परव्हॅन करताना आपण त्यात पंख्यासाठी साधारण १४ इंची चौकोन कापतो, सोलरच्या वायरीला भोक पाडतो, पॅनलचे ब्रॅकेट, ऑनिंगची पट्टी आणि शिडी स्क्रूने बसवतो, बाजूच्या पत्र्यात खिडक्या आणि फ्रिजच्या जाळ्या काढतो. या प्रत्येक जागी पाणी अडवायचं काम सीलंटचा एक थर करत असतो. कार धुतली नाही तर ती कळकट दिसते, तेवढंच. कॅम्परव्हॅनच्या टपाकडे दोन वर्षं कोणी पाहिलं नाही तर आतलं प्लायवुड कुजतं, इन्सुलेशन ओलं होतं आणि आतून गंजलेला पत्रा बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून गाडी स्वतःच्या हाताने धुवावी असं मी सगळ्यांना सांगतो. धुताना टपापासून मडगार्डपर्यंत प्रत्येक सांध्यावरून तुमचा हात आणि नजर फिरते, आणि तेच खरं काम आहे.

मीठ आणि वेळ

समुद्रावरून आलेल्या गाडीचं खरं नुकसान चिखलाने होत नाही, मिठाने होतं. समुद्राच्या हवेतले बारीक तुषार पत्र्यावर, स्क्रूंवर आणि गाडीखाली बसतात. नुसतं खाण्याचं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसं पाणी सुटतं तेच तुमच्या दाराच्या खालच्या दुमडीत चालू असतं. पुण्याच्या हवेत गाडी वरून खडखडीत वाळलेली दिसली तरी त्या दुमडीतला मीठमिश्रित चिखल ओलाच राहतो, आणि ओल्या मिठात पत्रा फार लवकर गंजतो.

त्यामुळे ‘पुण्याला गेल्यावर पुढच्या रविवारी धुऊ’ हे जमणार नाही. मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी, निघण्यापूर्वी, गोड्या पाण्याने गाडी खालून आणि मडगार्डच्या आतून खळाळून घ्या. कोकणातल्या बहुतेक घरगुती मुक्कामांत विहिरीचं पाणी आणि पंप असतो, विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. मात्र गाडी विहिरीजवळ, वहाळात किंवा नदीच्या पात्रात धुवायची नाही. नुसतं पाणी असलं तरी गाडीखालचं ग्रीस आणि डिझेल त्यात उतरतं, आणि तेच पाणी गाव पितं. शाम्पूचं धुणं घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी केलं तरी चालेल. मीठ पाण्यात सहज विरघळतं, ते घालवायला साबण लागत नाही.

परतीच्या वाटेवर ताम्हिणीत किंवा कुंभार्लीत पाऊस लागला की गाडी आपोआप धुतली गेली असं अनेकांना वाटतं. वरचा भाग धुतला जातो, हे खरं. खाली मात्र चाकांनी उडवलेलं पाणी चिखल घेऊन सांध्यांत घुसतं आणि मीठ अजून आत ढकलतं.

आणि वाळूत गाडी घालू नका. बंदी आहे की नाही हा वेगळा प्रश्न. भरतीच्या पाण्यातून एकदा चाकं गेली की ब्रेक, बेअरिंग आणि एक्झॉस्टच्या पट्ट्यांमध्ये जे मीठ शिरतं ते साध्या धुण्याने निघत नाही.

सोसायटीत पाइपशिवाय धुणं

तुमच्या अडचणीवर एक स्वस्त आणि उत्तम उपाय आहे: शेतीचा पाठीवरचा फवारणी पंप, १६ लिटरचा, बॅटरीवरचा. कोणत्याही कृषी केंद्रात मिळतो. नवाच घ्या, तणनाशक मारलेला जुना पंप आणू नका. याचा दाब कमी असतो, म्हणून सीलंटला आणि रबराला धोका नाही. पाणी बारीक पडत असल्याने धूळ भिजायला वेळ मिळतो आणि लांब नळीमुळे मडगार्डच्या आत, चॅसिसच्या खाचांत नोझल पोचतं. एक टाकी साधं पाणी, एक टाकी पातळ शाम्पू, पुन्हा दीड-दोन टाक्या साधं पाणी. एवढ्या साठेक लिटरमध्ये तुमच्या आकाराची गाडी नीट धुऊन होते.

क्रम असा ठेवा. आधी खालचा भाग आणि चाकांच्या वरच्या पोकळ्या, कारण तिथला चिखल उडून बाजूंवर येतो. मग टप, मग बाजू वरून खाली. शाम्पूचं पाणी मारल्यावर पाचेक मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. मग जाड मायक्रोफायबरचा हातमोजा हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही. दोन बादल्या हव्यात: एकीत शाम्पू, दुसरीत मोजा खळबळायला साधं पाणी. कमरेखालच्या भागाला वेगळं फडकं, चाकांना तिसरं. कोकणच्या जांभ्याची तांबडी धूळ हा दगडाचाच चुरा असतो. कोरड्या फडक्याने ती पुसली की रंगावर बारीक ओरखडे उठतात आणि उन्हात गाडी जाळं पडल्यासारखी दिसते. रोज सकाळी कोरड्या कपड्याने गाडी पुसणाऱ्या माणसाला हे एकदा प्रेमाने समजावून सांगा. पाणी नसेल तर पुसू नका म्हणावं, धूळ राहिली तरी हरकत नाही.

शाम्पू गाडीचाच घ्या, पीएच न्यूट्रल (म्हणजे ना आम्ल, ना अल्कली) लिहिलेला. भांड्याचा साबण, कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा यांनी मळ निघतो, पण त्याबरोबर वॅक्सचा थरही निघतो आणि काळं रबर पांढुरकं पडतं. बोअरचं पाणी असेल तर उन्हात अजिबात धुऊ नका. थेंब वाळले की कॅल्शियमचे पांढरे गोल डाग उरतात आणि ते उन्हाने भाजले की रंगात उतरतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवा आणि लगेच पुसून घ्या. काचेवर जुने डाग असतील तर पांढरा व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून कापड भिजवा, दोन मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. हे फक्त खऱ्या काचेवर, म्हणजे पुढच्या आणि ड्रायव्हरच्या काचांवर. तुमच्या मागच्या खिडक्यांची गोष्ट वेगळी आहे.

ॲक्रिलिकच्या खिडकीला साध्या पाण्याशिवाय आणि सौम्य शाम्पूशिवाय काहीही लावू नका. काच पुसायच्या निळ्या द्रावणात अमोनिया किंवा अल्कोहोल असतं. त्याने ॲक्रिलिकच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. त्या पॉलिशने जात नाहीत, पूर्ण खिडकी बदलावी लागते आणि ती सहसा मागवूनच घ्यावी लागते. थिनर, पेट्रोल, स्पिरिट हे तर विचारातच घेऊ नका. डास पळवायचं डीट असलेलं मलम हाताला लावून खिडकी उघडली तरी बोटांचे ठसे कायमचे उमटू शकतात, कारण डीट कित्येक प्लास्टिकना विरघळवतं. वायपर रबरनेही ती पुसू नका. भरपूर पाणी, मऊ कापड आणि शून्य जोर.

प्रेशर वॉशर

वॉशिंग सेंटरवर जायला हरकत नाही, पण फक्त खालच्या भागासाठी. रॅम्पवर गाडी चढवून चॅसिस, मडगार्ड आणि टाक्यांच्या पट्ट्या धुऊन घ्या. गाडीच्या कमरेच्या वर नोझल नको. घरगुती मशीनचा दाबही शंभर बारच्या वर असतो. तो दाब सहा इंचांवरून सीलंटच्या कडेवर पडला की कड उचलते, आणि पुढच्या पावसात त्या उचललेल्या कडेखालून पाणी आत जातं. फ्रिजच्या जाळ्या, गीझरचं झाकण, पाणी भरायचं तोंड, बाहेरचा चार्जिंग सॉकेट हे सगळे वरून पडणारा पाऊस अडवण्यासाठी केलेले असतात. समोरून येणारा झोत अडवण्यासाठी नाही. सोलर पॅनलच्या मागे वायरीचा डबा असतो, तिथेही झोत नको. बाजूला स्टिकर किंवा ग्राफिक्स असेल तर त्याच्या कडा पहिल्यांदा सुटतात.

सेंटरवर आणखी एक प्रकार चालतो. धुऊन झाल्यावर ‘खालून डिझेल मारून देतो, गंज लागत नाही’ म्हणतात. नको म्हणा. डिझेलने सस्पेन्शनचे बुश आणि रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. चार दिवसांत धूळ त्यावर चिकटून काळा थर होतो आणि त्या थराखाली ओल टिकते. वापरलेलं इंजिन ऑइल मारणं त्याहून वाईट.

टप, काळे ओघळ आणि पांढरी भुकटी

तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. फायबरच्या वरचा चमकदार थर म्हणजे जेलकोट. साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा भाग सुटा होतो, तीच तुमच्या हाताला लागणारी भुकटी. पहिला पाऊस पडला किंवा पहाटे दव पडलं की ही भुकटी, धूळ, पक्ष्यांची घाण आणि सीलंटचा झिजलेला चुरा एकत्र होऊन ऑनिंगच्या पट्टीच्या टोकाशी साचतो आणि तिथून बाजूवर ओघळतो. बाजू कितीही घासल्या तरी आठवड्यात ओघळ परत येणार, कारण टप तसाच आहे. पोर्टेबल शिडी लावून टप दर वेळी धुवा. फायबरवर उभे राहू नका, तो लवतो आणि सांध्याला चीर जाते. शिडीवरून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने पोचेल तेवढं दोन्ही बाजूंनी करा.

बाजूवरचे जुने ओघळ क्लीनर वॅक्सने निघतात. तारेची घासणी, भांड्याची पावडर, हिरवा स्क्रबर यांतलं काही लावू नका. ऑनिंगच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची छोटी चोच बसवून घ्या, म्हणजे पाणी अंगावरून न ओघळता दूर पडतं. दहा मिनिटांचं काम आहे.

भुकटीसाठी टप पॉलिश करावा लागेल. आधी ओला हात फिरवून पाहा: ओला असताना रंग उजळ दिसत असेल आणि वाळल्यावर पुन्हा मळकट होत असेल तर जेलकोट शिल्लक आहे, पॉलिशने परत येईल. कुठे आतल्या कापडाचे धागे दिसत असतील तर पॉलिशचा उपयोग नाही. तिथे नवा जेलकोट किंवा टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) रंगच द्यावा लागतो. पॉलिश करायचं असेल तर मागच्या बाजूला फूटभर जागेत आधी करून पाहा. मध्यम कंपाउंड, मशीनचा वेग कमी, पॅड ओलसर. मग बारीक पॉलिश आणि त्यावर वॅक्स किंवा सिंथेटिक सीलर. कडांवर मशीन टेकवू नका, तिथे जेलकोट सगळ्यात पातळ असतो. काळ्या रबरांना आणि खिडक्यांच्या कडांना आधी मास्किंग टेप लावा. काळ्या प्लास्टिकच्या रेघांत कंपाउंड वाळलं की पांढरं राहतं आणि वर्षानुवर्षं दिसतं.

पत्र्याच्या भागाचं गणित वेगळं आहे. तिथे वरच्या पारदर्शक थराची जाडी ४०-५० मायक्रॉनच असते, आणि प्रत्येक रबिंगमध्ये त्यातला काही भाग जातो. दर दिवाळीला गाडीला रबिंग-पॉलिश करून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. पत्र्यासाठी ती बंद करा. वॅक्स लावत राहा, रबिंग गरज पडली तरच.

सीलंट: वर्षातून दोनदा

मृग लागायच्या आधी, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदा, आणि दसऱ्याला एकदा. चांगल्या उजेडात प्रत्येक सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवा. सीलंट दाबल्यावर परत वर यायला हवं. कडक झालं असेल, वर केसासारख्या चिरा असतील, किंवा कडेला काळी बारीक रेघ दिसत असेल, तर ती कड सुटलेली आहे. ती काळी रेघ म्हणजे आत शिरलेली धूळ, आणि जिथे धूळ शिरते तिथे पाणीही शिरतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक व्हॅन आली. तक्रार एवढीच की पलंगाजवळ कुबट वास येतो. टपावर पंख्याभोवती बाथरूमचं सिलिकॉन मारलेलं होतं, वरून चकचकीत, कुठे चीर नाही. मी प्लास्टिकची पट्टी एका कोपऱ्यात सरकवली तर पूर्ण गोठ एका ओढीत सुटून हातात आला. तो फायबरला कुठेच धरून नव्हता. आतलं फॉल्स सीलिंग उघडलं. पंख्यापासून मागे चार फुटांवर प्लायवुडला चहाच्या रंगाचा डाग होता आणि तिथे स्क्रू ड्रायव्हर सहज आरपार गेला. पाणी पंख्याजवळ शिरलं होतं आणि फ्रेमवरून वाहत मागे जाऊन पलंगाच्या वर टपकत होतं. आत डाग जिथे दिसतो तिथेच बाहेर भोक असतं असं धरून चालू नये.

सिलिकॉन टपावर का नको, तर त्याच्यावर नंतर काहीच चिकटत नाही, ना रंग ना दुसरं सीलंट. काढलं तरी त्याचा तेलकट अंश राहतो. पट्टीखाली ब्युटाइल टेप (कायम मऊ राहणारी चिकट रबरी पट्टी) आणि वर उन्हात टिकणारं एमएस पॉलिमर सीलंट, हे माझ्या मते आपल्या हवेला सगळ्यात बरं. पॉलियुरेथेनही धरतं उत्तम, पण उघड्या उन्हात त्याचा वरचा थर लवकर चिरतो. ते सांध्याच्या आत वापरावं. दुरुस्ती करताना जुन्यावर नवं फासू नका. जुनं प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (जवळ ॲक्रिलिक नाही ना ते पाहून), वाळू द्या, दोन्ही बाजूंनी टेप लावा, सीलंट भरा, बोटाने एकदाच सारखं करा आणि ओलं असतानाच टेप ओढा. ही सीलंटं दिवसाला दोन-तीन मिलिमीटर एवढीच आत सुकतात, म्हणून दोन-तीन दिवस पाऊस आणि प्रवास दोन्ही नको.

ऑनिंगची पट्टी ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टीलचे. त्यांच्यात मिठाचं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, स्क्रूभोवती पांढरी पावडर फुगून येते आणि सांधा उचलतो. ही पावडर दिसली की स्क्रू काढून साफ करा, नायलॉनचा वॉशर घाला आणि सीलंटमध्ये बुडवून परत बसवा.

गंज

सरकत्या दाराच्या आणि मागच्या दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात. जांभ्याच्या चिखलाने ती बुजतात आणि दार आतून तळ्यासारखं भरून राहतं. दर धुण्यानंतर खराट्याचा हीर घालून ती मोकळी करा. तार किंवा खिळा नको, भोकाच्या कडेचा रंग गेला की गंज तिथूनच सुरू होतो. हीर घातल्यावर तांबूस पाणी आलं तर तो चिखल आहे. काळपट तपकिरी पापुद्रे आले तर आतून पत्रा सडायला लागला आहे, गाडी दाखवून घ्या.

खडा लागून रंग उडालेली जागा दिसली तर त्याच आठवड्यात बंद करा. सुटा गंज खरवडा, फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा. गंज काळा पडून घट्ट होईल. वर इपॉक्सी प्रायमर, मग कंपनीच्या रंगाच्या कोडचा टचअप. लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारला तर लांबी ओल धरते आणि एका पावसाळ्यात फुगवटा येतो. अंडरबॉडी कोटिंगचंही तसंच आहे: कोऱ्या, कोरड्या पत्र्यावर उत्तम, गंजावर मारलं तर गंज झाकला जातो आणि आतून चालू राहतो. तुमची गाडी समुद्रावर इतकी जाते, तर पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या. दारांच्या आत, खालच्या पेटीत, मागच्या खांबांत.

झाडं, पक्षी, दसरा

पौष-माघात मोहोर आलेल्या आंब्याखाली गाडी लावू नका. मोहोरावरचे तुडतुडे गोड चिकट द्रव सोडतात, तो टपावर आणि सोलरवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. पडलाच तर कोमट पाण्याने दोन दिवसांच्या आत धुवा. पक्ष्यांची विष्ठा युरिक ॲसिडमुळे उन्हात रंगात उतरते. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवा आणि मग उचला, घासू नका. पावसाळ्याच्या सुमाराला किनाऱ्यावर डांबराचे गोळे वाहून येतात. पायाला, चपलेला आणि मग पायरीला लागतात. खोबरेल तेल चोळलं की सुटतात, नंतर शाम्पूने तेल काढा.

दसऱ्याला पूजा जरूर करा, पण ओला झेंडू तापलेल्या बॉनेटवर दिवसभर राहिला तर पिवळा डाग बसतो. हळदीचा हात पांढऱ्या फायबरला लागला तर घाबरून थिनर लावू नका. शाम्पूने धुवा आणि गाडी उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने फिका पडतो, काही दिवसांत जातो.

सोलर पॅनल सकाळी थंड असतानाच धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. एका कोपऱ्यातली विष्ठाही पॅनलची वीज तिच्या आकाराच्या मानाने बरीच कमी करते, कारण आतले सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात.

ऑनिंग ओलं गुंडाळावं लागलं तर घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवाच. आपल्या पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते शिवणीत शिरले की निघत नाहीत. दारांच्या रबरांना धुऊन वाळल्यावर ग्लिसरीनचा हात द्या. ग्रीस किंवा व्हॅसलीन नको.

सिरॅमिक कोटिंग

तुमच्याकडे पैसे आणि वेळ ठरावीक असतील तर माझा क्रम असा: आधी टपावरची सगळी सीलंट, मग खालचा भाग आणि कॅव्हिटी वॅक्स, मग टपाचं पॉलिश. कोटिंग त्यानंतर. कोटिंग खोटं नाही. पत्र्यावर पाणी टिकत नाही, धूळ लवकर निघते, धुण्याला अर्धा वेळ लागतो. पण खडा लागला तर ते वाचवत नाही, बोअरच्या पाण्याचे डाग त्यावरही पडतात, आणि भुकटी सुटलेल्या जेलकोटवर लावलं तर त्या सुट्या थराबरोबर निघून जातं. ‘आता वर्षानुवर्षं काही करावं लागणार नाही’ असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा. उघड्यावर उभ्या गाडीला चांगला सिंथेटिक सीलर दर चार-पाच महिन्यांनी स्वतः लावला तरी तुमचं काम भागतं, आणि तो लावताना पुन्हा एकदा सगळ्या गाडीवरून हात फिरतो.

कव्हर

निळी ताडपत्री अजिबात नको. खाली ओल कोंडते, रबराला बुरशी येते आणि वाऱ्याने ती फडफडली की टपाच्या कडांवरचा जेलकोट घासून जातो. श्वास घेणाऱ्या कापडाचं, मापाने शिवलेलं कव्हर असेल तर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात घाला, पण धुतलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या गाडीवरच. त्याखाली धूळ राहिली तर कव्हर पॉलिश पेपरचं काम करतं. जून ते सप्टेंबर कव्हर काढून ठेवा आणि पाऊस गाडीवर पडू द्या. त्या चार महिन्यांत दर पंधरा दिवसांनी आत चढून पंख्याभोवतीचं सीलिंग, खिडक्यांखालच्या कडा आणि मागच्या दाराचा वरचा कोपरा अंगठ्याने दाबून पाहा. चाकांना मात्र बाराही महिने सावली हवी. अशा गाड्यांचे टायर झिजण्याआधी उन्हाने तडकतात. बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा वर्षं उलटलेली असतील तर नक्षी कितीही नवी दिसत असली तरी घाट उतरण्याआधी टायरवाल्याला दाखवा.